मोटरसायकलला थंड हवा द्यायची तर एअरबॉक्स काढू नका, त्याचं तोंड हलवा

इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा देणारा मार्ग, बदलायचा म्हटलं की बहुतेक जण एकच काम करतात. कंपनीचा एअरबॉक्स (एअर फिल्टर ज्यात बसतो तो डबा) काढून टाकतात आणि कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडावर कोनाच्या आकाराचा उघडा फिल्टर क्लिपने आवळतात. दिसायला झकास, आवाजही भारी. पण तो फिल्टर बसतो कुठे? सिलिंडरच्या मागे, टाकीच्या खाली, जिथे इंजिनावरून तापून आलेली हवा कोंडून राहते. थंड हवेसाठी पैसे घालून गाडीला गरम हवा पाजली जाते. शिवाय गोव्यात या उघड्या फिल्टरचे हाल दोन्हीकडून होतात. उन्हाळ्यात डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यातली लाल धूळ त्याच्यात शिरते आणि जूनमध्ये पहिल्याच जोरदार सरीत तो भिजून चिंब होतो.

खाली दिलेली पद्धत वेगळी आहे. डबा, त्यातला कागदी फिल्टर, कार्ब (कार्ब्युरेटर) किंवा इंजेक्शनच्या गाडीतली थ्रॉटल बॉडी यांपैकी काहीही जागचं हलवायचं नाही. डबा जिथून हवा घेतो ते तोंड तेवढं गरम जागेतून काढून थंड जागेत न्यायचं आणि ते असं बनवायचं की गाडीला शोभेल. काम कठीण नाही, मात्र क्रम चुकला की सगळं उलटतं.

पद्धत १५० ते ३५० सीसीच्या, हवेवर थंड होणाऱ्या एक-सिलिंडर गाड्यांसाठी आहे. हिशेबासाठी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं जुनं ३४६ सीसीचं इंजिन धरलं आहे. तुमची गाडी दुसरी असेल तर सूत्र तेच ठेवून आकडे तुमचे घाला.

## सुरुवातीआधी: फायदा किती, कायदा काय

६० अंशांची हवा ३५ अंशांवर आली तर तिची घनता सुमारे ८ टक्क्यांनी वाढते. म्हणून ताकदही ८ टक्क्यांनी वाढेल असं समजू नका. तापलेल्या हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या भागातून) जाताना ती हवा पुन्हा गरम होते, त्यामुळे हाती लागतात साधारण ३-४ टक्के, आणि तेही तोंडाशी एवढा मोठा फरक असेल तरच. हा फायदा चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना जाणवतो. सपाट रस्त्यावर ५० च्या वेगात जाणवणार नाही.

दुसरा गैरसमज समोरून आदळणाऱ्या हवेचा. ताशी ८० किलोमीटरला समोरच्या हवेचा जो दाब मिळतो तो वातावरणाच्या दाबाच्या ०.३ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे नसल्यातच जमा. तेव्हा तोंड समोर रोखून हवा ‘कोंबण्याचा’ अट्टहास सोडून द्या. हे एकदा पटलं की मोठी मोकळीक मिळते: तोंड बाजूला किंवा थोडं मागे वळवता येतं, आणि पावसाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. धूर आणि आवाजाच्या मर्यादा ओलांडल्यास कलम १९०(२) लागू होतं. डबा, फिल्टर, ब्रीदर (इंजिनातली वाफ डब्यात नेणारा पाइप) आणि सायलेन्सर कंपनीचेच ठेवले आणि सगळं पुन्हा मूळ रूपात आणता येईल असं काम केलं, तर अडचणीची शक्यता खूप कमी होते. तरीही शंका असेल तर आधी आरटीओत विचारा.

इशारा: गाडी वॉरंटीत असेल तर हे काम वॉरंटी संपेपर्यंत थांबवा.

## टप्पा १: आधी तापमान मोजा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि पुढे काम जमलं की फसलं हे सांगायला त्यांच्याकडे काहीच नसतं.

फ्रिज किंवा मत्स्यटाकीसाठी मिळतात तसले वायरवाले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या. ते ११० अंशांपर्यंत मोजणारे हवेत. एकाचं टोक डब्याच्या सध्याच्या तोंडाशी, बाहेरच्या बाजूला चिकटवा. दुसऱ्याचं टोक हेडलाइटच्या खाली, ऊन लागणार नाही अशा जागी. टोक धातूला टेकता कामा नये, हवेत मोकळं राहिलं पाहिजे. टेकलं तर तुम्ही हवेचं नाही, पत्र्याचं तापमान मोजाल.

नेहमीच्या रस्त्यावर २० मिनिटं एकसारख्या ५० च्या वेगात चालवा, मग १० मिनिटं गर्दीतून. म्हापसा किंवा मडगावच्या बाजारातली संध्याकाळ यासाठी योग्य. दोन्ही वेळा दोन्ही आकडे लिहून ठेवा, सोबत दिवसाची वेळही लिहा. आकडे गाडी थांबवून वाचा, चालवताना नाही.

चालत्या गाडीत दोन टोकांमधला फरक ५ अंशांपेक्षा कमी निघाला तर तुमच्या कंपनीने तोंड आधीच चांगल्या जागी ठेवलं आहे. मग हे काम फक्त दिसण्यासाठी राहतं, आणि तसं ठरवून केलं तर त्यात काही गैर नाही. फरक १२ अंशांच्या वर असेल तर मेहनतीचं चीज होईल.

इशारा: सेन्सरचं टोक फिल्टरच्या आतल्या, स्वच्छ बाजूला कधीही घालू नका. सुटलं तर थेट इंजिनात जाईल.

## टप्पा २: तोंड केवढं हवं ते काढा

चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. ३४६ सीसीचं इंजिन ५२५० आरपीएमला मिनिटाला ३४६ × ५२५० ÷ २, म्हणजे सुमारे ९०८ लिटर ओढेल. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही. ८० टक्के धरले तर ७२६ लिटर, म्हणजे सेकंदाला १२ लिटर. ५० मि.मी. आतल्या व्यासाच्या पाइपचं क्षेत्रफळ १९६३ चौ.मि.मी. त्यातून ही हवा सरासरी सेकंदाला ६ मीटरच्या वेगाने जाते. एक-सिलिंडर इंजिन हवा झटक्याझटक्याने ओढतं, तरी मध्ये डबा असल्यामुळे ते झटके बरेचसे डब्यातच विरतात. ३५० सीसीला ५० मि.मी. पुरेसा. १५० ते २०० सीसीला ३८ ते ४० मि.मी.

डब्याचं मूळ तोंडही मोजून घ्या. नवा मार्ग कुठेही मूळ तोंडापेक्षा अरुंद होता कामा नये. उलट तो दुप्पट मोठाही करू नका. कंपनीने कार्बचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) त्या तोंडाच्या हिशेबाने बसवलेले असतात, आणि तोंड फार मोकळं केलं की मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. मूळ क्षेत्रफळाच्या सव्वापटीपर्यंत थांबा. आमच्या हिशेबातला ५० मि.मी.चा पाइप तुमच्या मूळ तोंडाच्या सव्वापटीहून मोठा भरला, तर लहान पाइप घ्या.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. तोंडाला जाळी लावली की मोकळी जागा घटते, हे कोणी मोजतच नाही. ३ मि.मी. भोकाची आणि ०.७ मि.मी. तारेची जाळी घेतली तर उघडी जागा सुमारे ६५ टक्केच राहते. बाहेर ९० × २५ मि.मी.ची सुबक फट केली तर क्षेत्रफळ २२५० चौ.मि.मी. दिसतं, पण जाळीनंतर उरतं १४६० च्या आसपास. म्हणजे मागचा ५० मि.मी.चा पाइप फुकट. तीच फट ९० × ३५ केली की ३१५० पैकी जवळपास २०५० उरतं आणि गणित जुळतं.

मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावू नका. जाळीने पाला, किडे आणि खडी अडवायची. धूळ अडवणं हे फिल्टरचं काम.

## टप्पा ३: जागा ठरवा

गरम जागा कोणत्या ते आधी ओळखा: हेडच्या वरचा भाग, सिलिंडरच्या लगेच मागची पोकळी, सायलेन्सरच्या बेंडाच्या वर, आणि ऑइल कूलर असेल तर त्याच्या मागे. इथे तोंड आलं की सगळं व्यर्थ.

बहुतेक गाड्यांत दोन जागा चालतात. एक, बाजूच्या पॅनेलचा पुढचा-वरचा कोपरा, सायलेन्सर नसलेल्या बाजूला. दुसरी, टाकीच्या पुढच्या टोकाखाली हेडस्टॉकच्या (हँडल जिथे फ्रेमला जोडलेलं असतं त्या जागेच्या) बाजूला. पहिली सोपी आहे, पाइप आखूड राहतो आणि पावसाला आडोसाही मिळतो. गोव्यासाठी पहिलीच बरी. दुसरीत हवा थोडी जास्त थंड मिळते, पण पाइप टाकीखालून, म्हणजे हेडच्या अगदी वरून न्यावा लागतो. वाटेत तो तापला तर कमावलेलं तिथेच गमावता.

पॅनेलवर ५ सें.मी. लांबीचे लोकरीचे दोरे टेपने चिकटवा. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गाडीच्या मागे बसलेल्या कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. दोरे जिथे शांतपणे मागे झेपावतात तिथे बाहेरची ताजी हवा वाहते. जिथे ते उलटे फिरतात किंवा थरथरत एका जागी राहतात, तिथे इंजिनाची गरम हवा घुटमळते आहे.

उंचीबाबत तडजोड करू नका. तोंड मूळ तोंडाच्या उंचीला किंवा त्याच्या वर असलं पाहिजे. पावसाळ्यात सखल रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं, आणि फेरीबोटीच्या रॅम्पवरही भरतीच्या वेळी चाकाखाली पाणी येतं. खाली घेतलेलं तोंड एकदा जरी पाण्यात बुडालं तर पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्या दुरुस्तीच्या खर्चात हे काम कितीतरी वेळा झालं असतं.

तपासा: हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, किमान १५ मि.मी. जागा मोकळी राहिली पाहिजे. बसून गुडघा टेकतो का ते पाहा. मागे कुणाला तरी बसवून सस्पेन्शन दाबा.

## टप्पा ४: सामान

पाइपसाठी सिलिकॉन किंवा निओप्रीनचा लेप दिलेला, आत तारेची स्प्रिंग असलेला डक्ट होस घ्या. लांबी ४० सें.मी.च्या आत आणि वळणं दोनच्या वर नकोत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा हिरवा पीव्हीसी सक्शन पाइप किंवा व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप स्वस्त मिळतो, पण इंजिनाशेजारी तो मऊ पडतो. मऊ पडलेला पाइप वळणावर चपटा होतो, आणि वर चढताना नेमकं पिकअप जातं.

बाहेरच्या स्कूपसाठी, म्हणजे पॅनेलवर दिसणाऱ्या हवेच्या तोंडासाठी, १.२ मि.मी. जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. साध्या लोखंडी पत्र्याच्या वाटेला जाऊ नका. कळंगुट, कोलवा, वास्को अशा किनारपट्टीच्या भागात खाऱ्या हवेने तो रंगाच्या आतून गंजतो. स्टेनलेस बोल्ट घ्या, ३०४ दर्जाचे, एम५. मात्र ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस थेट टेकले आणि मध्ये खारट ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, भोकाभोवती पांढरी पूड जमते. म्हणून प्रत्येक बोल्टाखाली नायलॉनचा वॉशर घाला.

शिवाय हे लागेल: नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे), ४०-६० मि.मी.च्या स्टेनलेस होस क्लिपा दोन, ५ मि.मी. जाडीची बंद पेशींची ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) फोम पट्टी, रबरी ग्रोमेट (घासण्यापासून वाचवणाऱ्या कड्या), ३०४ स्टेनलेसची जाळी, मागे चिकट असलेली ॲल्युमिनियम-फायबरग्लासची उष्णतारोधक टेप, ८ मि.मी.चा रबरी पाइप, आणि कंपनीचा नवा एअर फिल्टर. जुना फिल्टर या कामात परत घालू नका. आधी-नंतरच्या तुलनेत घोळ होतो.

सीलंट लागलाच तर ‘सेन्सर-सेफ’ लिहिलेला घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा साधा सिलिकॉन धातू खराब करतो, आणि त्याची वाफ इंजेक्शनच्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर बिघडवू शकते.

## टप्पा ५: पुठ्ठा, मग पत्रा

आधी जाड पुठ्ठ्याचा स्कूप करा, टेपने गाडीवर लावा आणि दोन दिवस तसाच ठेवून चालवा. दूरून, सावलीत, उन्हात, सगळीकडून बघा. दिसण्यातली चूक इथे लक्षात आली तर पुठ्ठा जातो. पत्रा कापल्यावर लक्षात आली तर पत्रा आणि मेहनत दोन्ही जातात.

नजरेला काय बरं वाटतं ते सांगतो. स्कूपची वरची कड टाकीच्या खालच्या रेषेला किंवा सीटच्या रेषेला समांतर ठेवा. तिरकी तिसरी रेषा काढली की जोडकाम उघड दिसतं. पॅनेलपासून २५ मि.मी.पेक्षा जास्त बाहेर काढू नका. क्लिपा आणि पाइप पॅनेलच्या आत लपवा. उष्णतारोधक टेप बाहेर दाखवायची वस्तू नाही, ती आतच हवी. दुसऱ्या बाजूला जोडीचा नकली स्कूप लावायचा मोह होतो. तो लावायचा तर त्याला जाळी लावून आरपार उघडा ठेवा, म्हणजे पॅनेलमागची गरम हवा तिथून बाहेर पडेल.

पुठ्ठ्याचे भाग पत्र्यावर मार्करने उतरवा. घडी घालताना आतली गोलाई किमान २ मि.मी. ठेवा, काटकोनात दाबली तर पत्रा चिरतो. कापलेल्या कडा कानसीने, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. तोंडाची कड आत ८ ते १० मि.मी. गोलाईने वळवा. ही गोलाई शोभेसाठी नाही. धारदार कडेवरून आत शिरणारी हवा आकसते आणि तोंडाची बरीचशी जागा वायाच जाते. गोल कडेवरून ती सरळ आत येते.

स्कूपच्या तळाला आतल्या बाजूने १० मि.मी. उंचीचा उंबरा ठेवा, पुढे पाण्यासाठी लागेल. भोकं पाडून झाली, गाडीवर बसवून पाहिलं, सगळं जुळलं, त्यानंतरच पावडर कोटिंगला द्या. कोटिंगनंतर भोक पाडलं की तिथून सोलायला सुरुवात होते. मॅट काळा किंवा इंजिनाच्या केसिंगचा रंग, दोन्ही चालतात. कोटिंगची भट्टी १८०-२०० अंशांची असते, त्यामुळे फोम, ग्रोमेट, जाळीची चिकटवण हे सगळं नंतर.

## टप्पा ६: गाडी उघडणं

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. कार्बच्या गाडीत पेट्रोल कॉक बंद करा. इंजेक्शनच्या गाडीत टाकी उचलायची असेल तर लाइनमध्ये दाब असतो: बॅटरी सोडण्याआधी पंपाचा कनेक्टर काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरी सोडा, आणि पाइप काढताना खाली फडकं धरा. हे आधी केलं नसेल तर एवढा भाग मेकॅनिककडून करून घ्या.

डब्याला जाणारा प्रत्येक पाइप सोडण्याआधी त्याचा फोटो काढा आणि टेप लावून नंबर लिहा. क्रँककेसचा ब्रीदर, एक्झॉस्टला ताजी हवा देणारा पाइप, नव्या गाड्यांत पेट्रोलच्या वाफेच्या कॅनिस्टरचा पाइप, आणि डब्याच्या तळाचा निचऱ्याचा पाइप. यातला एकही बंद करायचा नाही किंवा उघडा सोडायचा नाही. ब्रीदर उघडा राहिला तर तेलाचा वास येतो आणि पावसात पाणी क्रँककेसमध्ये जातं.

कार्बच्या तोंडात मोठं, भडक रंगाचं फडकं कोंबा, त्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवून. बारीक चिंधी कोंबू नका, ती आत विसरते.

तपासा: डबा काढताना कार्ब आणि सिलिंडर हेडमधलं रबर पिळलं गेलं नाही ना? या कामानंतर येणारं मिसिंग पुष्कळदा तिथूनच येतं, आणि लोक दोष नव्या इनटेकला देतात.

## टप्पा ७: डब्याला जोड

मूळ तोंडात बसणारा ॲडाप्टर लेथवाल्याकडून ॲल्युमिनियम किंवा नायलॉनचा करून घेता आला तर तोच मार्ग घ्या. डब्याला भोक पडत नाही आणि गाडी अर्ध्या तासात मूळ रूपात येते.

भोक पाडावंच लागलं तर ते फिल्टरच्या बाहेरच्या, म्हणजे मळक्या बाजूलाच. डबा गाडीवरून उतरवा, फिल्टर काढा, होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) हळू पाडा, कडेचे तंतू ब्लेडने साफ करा, डबा धुऊन पूर्ण वाळवा.

जोड चिकटवून करू नका. डब्यावर ‘पीपी’ असा ठसा असेल तर तो पॉलिप्रोपिलीनचा आहे, आणि त्याला साधा गोंद, एपॉक्सी, सिलिकॉन काहीच धरत नाही. आठवडाभर धरल्यासारखं वाटतं, मग गरम होऊन सुटतं. फ्लँज, म्हणजे बोल्ट घालता येतील अशी सपाट कड, करा, मध्ये फोम पट्टी घाला आणि चार एम५ बोल्टांनी आवळा. बोल्टाचं डोकं आत, नायलॉक नट बाहेर, म्हणजे नट सैल झाला तर दिसतो. फोम निम्म्याने दबेल इतकंच आवळा.

पाइपच्या इंजिनाकडच्या अंगाला उष्णतारोधक टेप लावा. फ्रेमला जिथे घासेल तिथे ग्रोमेट.

## टप्पा ८: पाण्याला वाट

हा टप्पा गोव्यात सर्वांत महत्त्वाचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे जो पाऊस पडतो त्यात ‘थोडंसं पाणी गेलं तर काय होतं’ असं चालत नाही.

तोंडातून आत आल्यावर मार्ग आधी वर चढला पाहिजे आणि मगच डब्याकडे वळला पाहिजे. जड थेंब वर चढू शकत नाहीत, उंबऱ्याला अडतात. मार्गाच्या सर्वांत खालच्या बिंदूला ६ मि.मी.चं भोक पाडून ८ मि.मी.चा रबरी पाइप लावा, खाली मोकळा सोडा. त्याचं टोक चिमटीत धरून ब्लेडने उभी चीर द्या, म्हणजे पाणी साचलं की बाहेर पडतं, पण खालून धूळ ओढली जात नाही. डब्याच्या मूळ निचऱ्याचा पाइप आहे तसाच राहू द्या.

मग इंजिन बंद ठेवून, समोरून आणि बाजूने, एकेक तांब्या करत दोन लिटर पाणी तोंडावर मारा. डबा उघडा. फिल्टरला बोट लावा. कोरडा असेल तर इंजिन सुरू करून दोन मीटरवरून होसचा बारीक फवारा दोन मिनिटं मारा, पुन्हा उघडा. फिल्टरची खालची कड जरी ओली लागली तरी उंबरा वाढवा किंवा तोंड आणखी मागे वळवा. ‘पावसात बघू’ म्हणून पुढे जाऊ नका.

## टप्पा ९: धूळ कुठून शिरते ते पकडा

फिल्टर बसवताना त्याच्या रबरी कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवा. झाकण लावण्याआधी अंधाऱ्या जागी डब्यात छोटा टॉर्च ठेवून पाहा. स्वच्छ बाजूला उजेडाची रेघ दिसली तर तिथून धूळ जाणार. टॉर्च काढायला विसरू नका.

खरी परीक्षा रस्त्यावर. फिल्टरनंतरच्या, कार्बकडे जाणाऱ्या रबराच्या आत बोटभर जागेत ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. दोनशे किलोमीटर चालवा, शक्य असेल तर मातीच्या रस्त्याने. मग पांढऱ्या फडक्याने तो थर पुसून उजेडात धरा. इथली जांभ्याची धूळ लाल असल्यामुळे लपत नाही. फडकं मळकट पिवळं दिसलं तर चालेल. लालसर झाक आली तर फिल्टरची बैठक चुकली आहे. ती सुधारेपर्यंत गाडी चालवू नका, कारण ही धूळ पिस्टनच्या रिंगा घासून टाकते.

## टप्पा १०: मिश्रण

हवा ८ टक्के घट्ट झाली तर कार्बमधलं मिश्रण साधारण ४ टक्के लीन होतं. यासाठी मेन जेट फार तर एक पायरी मोठा लागतो, अनेकदा तोही लागत नाही. त्यामुळे जेटचा संच आणून सुरुवातच मोठ्या जेटने करू नका. आधी चालवून लक्षणं बघा.

लीन असेल तर स्थिर थ्रॉटलला गाडी हलके झटके देते, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट वाढते, प्लगचं टोक पांढरं पडतं. खात्री करायची तर त्याच वेगात चोक किंचित ओढा. गाडी सुधारली तर लीन, आणखी बिघडली तर नाही. रिच (पेट्रोल जास्त) असेल तर प्लग काळा, काजळी धरलेला, आणि ॲव्हरेज पडतं. हवा असतो तो फिकट विटकरी रंग.

आयडलचा (थ्रॉटल सोडून उभ्या गाडीत इंजिन चालतं त्या स्थितीचा) स्क्रू एका वेळी पाव फेरीच फिरवा आणि मूळ जागा लिहून ठेवा. कामाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा पीयूसी काढा आणि कागदावरचा सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा ताडून पाहा. तो फक्त आयडलचं सांगतो, तरी उपयोगी आहे. आकडा एकदम बदलला तर आधी सिलिंडर हेडजवळच्या रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आयडल डगमगलं तर तिथे गळती आहे. यासाठी कार्ब क्लीनर मारू नका, गरम इंजिनावर तो पेट घेतो.

इंजेक्शनच्या गाडीत तापमानाचा आणि दाबाचा सेन्सर हे सगळं स्वतः सांभाळतात, फक्त ते मूळ जागी आणि वाहत्या हवेत असले पाहिजेत. ‘पॉवर वाढते’ म्हणून विकली जाणारी, हवेच्या सेन्सरला खोटं तापमान दाखवणारी छोटी डबी लावू नका. तुम्ही हवा खरोखर थंड केली आहे, ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) खरं तेच कळू द्या.

## टप्पा ११: पुन्हा तेच मोजमाप

टप्पा १ चा रस्ता, तीच वेळ, तोच वेग. एक टोक नव्या तोंडाशी ठेवा आणि दुसरं डब्याजवळ, पाइप संपतो तिथे, पण अजून मळक्या बाजूलाच. तोंडाशी हवा थंड आणि डब्याशी ६-७ अंशांनी गरम असेल तर पाइप वाटेत तापतो आहे. टेप वाढवा किंवा मार्ग हेडपासून दूर न्या. सिग्नलला उभं राहिल्यावर दोन्ही आकडे चढतील, त्याने घाबरू नका. गाडी निघाल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत ते उतरतात की नाही, ते महत्त्वाचं.

मग कोरड्या दिवशी एकाच चढावर पाइप लावून आणि डब्यापासून काढून, दोन्ही प्रकारे चालवा. पाइप काढल्यावर वरच्या आरपीएमला गाडी स्पष्ट मोकळी धावली तर पाइप गळा आवळतो आहे. जाळी, वळण, चपटा झालेला भाग, या क्रमाने शोधा.

## पुढची देखभाल

पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट आणि क्लिपा पुन्हा आवळा, फोम दबून सैल होतो. खाणीच्या किंवा चिऱ्याच्या ट्रकांच्या रस्त्याने रोजचं येणं-जाणं असेल तर फिल्टर बदलण्याचं कंपनीने दिलेलं अंतर निम्मं धरा. कागदी फिल्टर धुऊ नका. कमी दाबाच्या हवेने, आतून बाहेर फुंका. किनाऱ्याजवळ राहत असाल तर आठवड्यातून एकदा स्कूप गोड्या पाण्याने धुवा आणि बोल्टांभोवती पांढरी पूड दिसते का पाहा.

मेअखेरीस जाळी काढून आतला कचरा साफ करा, निचऱ्याच्या पाइपची चीर मोकळी आहे का ते बोटाने दाबून बघा. तिथे हमखास मातीचा गोळा किंवा कुंभारणीचं घर सापडतं. पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी तीच चीर पुन्हा तपासा.